वसतिगृहाच्या दारातला टँकर

मुलींचं वसतिगृह, अंतूर विद्यापीठ,
दौलताबाद रोड, छत्रपती संभाजीनगर
२१ जुलै २०२४

ती. अण्णा आणि ती. आई यांस,
विशाखाचा सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आईनं फोन घेतला की ‘जेवलीस का’ याच्या पुढं ती सरकत नाही. म्हणून तुमच्या हुकुमाप्रमाणं सविस्तर लिहिते. शुद्धलेखनाला मार्क कापू नका.

एम.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू झालं. खोली तीच, खोलीत ओवीही तीच. पाण्याचे हालही तेच. सकाळी ज्या लवकर उठतात त्यांची आंघोळ होते, बाकीच्या बादली घेऊन जिन्यात बसतात. पाऊस पडतोय, पण बोअरला अजून म्हणावं तसं पाणी नाही. टँकर आला की हौद भरतो आणि दुपारपर्यंत परत तळ दिसतो.

गेल्या आठवड्यात आम्ही पंधरावीस जणी कुलसचिवांकडं गेलो. श्रीनिवास कायगावकर सर. नवीनच आलेत. वाटलं होतं, रागावून परत पाठवतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आम्हाला सज्जात नेलं आणि खालची हिरवळ दाखवली. कारंजं चालू होतं. म्हणाले, टँकरच्या बिलांवर दर महिन्याला मी सही करतो, पण एवढं पाणी जातं कुठं ते मलाही माहीत नाही. तुम्ही पर्यावरण शिकता ना, मग शोधून द्या. घोषणा नकोत, माहिती आणा. आणलीत तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. लगेच स्थावर विभागाच्या सुदर्शन इंजिनिअरांना सांगून टाकलं की या मुलींना सगळे व्हॉल्व्ह आणि चेंबर उघडून दाखवा. सुदर्शन सर काही खूश नाहीत. म्हणतात, मुलगी बघायला आल्यासारख्या या पोरी माझ्या पाइपा बघत फिरतात.

दादाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडं बहुतेक वेळा त्याच्या मालकाचे, साहेबरावांचेच टँकर येतात, आणि त्यातला एक दादा चालवतो. तो हौदात नळी सोडतो आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतो, विशाखाबाई, अभ्यास चालू आहे ना. मग खिडकीतून भाजलेलं कणीस देतो. ओवी म्हणते, आम्हाला पाणी आणि तुला कणीस, हा अन्याय आहे. वसतिगृहात तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही की तो माझा भाऊ आहे. मी लपवलं असं नाही, कुणी विचारलंच नाही.

कळावं. तब्येतीला जपा, आणि माया आहे तशी राहू द्या.
तुमची,
विशाखा


अजिंठा
४ ऑगस्ट २०२४

चि. विशाखास,
अण्णांचा आणि आईचा सप्रेम जयभीम, आणि मंगलकामना.

वि. वि. पत्र मिळालं. चार चुका निघाल्या, त्यातल्या दोन माफ केल्या. ‘कुलसचिव’ बरोबर लिहिलंस याचा आनंद झाला.

इकडं पाऊस बरा आहे. कपाशी गुडघ्याला लागली. लेणी बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढली की गावात चहाच्या टपऱ्या वाढतात, तशा यंदाही वाढल्यात. तुझी आई अंगणवाडीतून सुटली की त्यातल्या एका टपरीवर बसून जगाच्या बातम्या आणते. मला ऐकू येत नाही म्हणून घरी येऊन त्या हातवारे करून सांगते. निम्म्या बातम्या मला चुकीच्या कळतात, पण वेळ चांगला जातो.

तुमच्या कुलसचिवांचं मला आवडलं. ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारा साहेब मी नोकरीत फारसा पाहिला नाही. असा माणूस भेटला की त्याला रिकाम्या हातानं भेटू नये. मेहनत घ्या. आणि त्या इंजिनिअरांशी नीट वागा. आपल्या कामात दुसऱ्यानं डोकावलं तर कुणालाही राग येतो.

संघपाल वेळेवर जेवतो का, याची आईला काळजी आहे. तो पत्र लिहीत नाही. तुझ्या दारात रोज येतो, तर त्याला कागद-पेन देऊन बसव.

आमच्या दोघांची माया तुझ्या पाठीशी आहेच.
तुझे,
अण्णा


संभाजीनगर
२९ सप्टेंबर २०२४

ती. अण्णांस आणि आईस,
विशाखाचा जयभीम.

वि. वि. पाणी कुठं जातं ते सापडलं. एका रविवारी आम्ही हौद काठोकाठ भरून घेतला, सगळ्या इमारतींचे व्हॉल्व्ह बंद केले आणि काठावर बसून राहिलो. एक नळ चालू नव्हता, तरी पाणी उतरत होतं. मग लाइन जिकडं जाते तिकडं चालत निघालो. अतिथिगृहाच्या मागं एक गारेगार जागा आहे, भर मे महिन्यातही तिथं हिरवं गवत असतं. विद्यापीठातल्या जोड्या तिथं बसतात. सगळ्यांना वाटायचं, छान जागा आहे. खणलं तर खाली जुन्या पाइपचा सांधा सुटलेला, आणि पुढं तसेच आणखी. सुदर्शन सर बूट काढून स्वतः खड्ड्यात उतरले. त्या दिवसापासून ते आमच्यातलेच झालेत. आता तेच आम्हाला सकाळी हाका मारतात.

उरलेलं बरंचसं पाणी हिरवळीवर जातं आणि आंघोळीचं सगळं नाल्यात. आम्ही आणि सुदर्शन सरांनी मिळून योजना केली. पाइपलाइन नवी टाकायची. हिरवळ काढून तिथं इथल्या मातीतली झाडं लावायची. आंघोळीचं पाणी खडी आणि कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून झाडांना आणि संडासाला वापरायचं. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचं. कायगावकर सरांनी ओळ अन् ओळ वाचली, चार ठिकाणी खोडलं, दोन ठिकाणी आमच्याशी भांडले आणि शेवटी मान्य केलं. नोव्हेंबरात व्यवस्थापन समितीपुढं ठेवायचं ठरलंय. ते म्हणाले, मी मांडलं तर साहेबाचं खूळ म्हणतील, विद्यार्थ्यांनीच मांडायचं. सगळ्यांनी माझं नाव घेतलं.

अण्णा, हे झालं तर टँकर जवळपास बंद होतील. दादाची खेप बंद होईल. साहेबरावांची सगळ्यात मोठी खेप विद्यापीठाचीच आहे, असं तोच मला एकदा म्हणाला होता. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तो रोज येतो, हसतो, मी पण हसते आणि वर निघून येते. मी पदवीला असताना त्याच्याच पगारातून माझ्या मेसचे पैसे जायचे. मी नाव मागं घेऊ का? ओवी मांडू शकेल. पण योजना तीच राहील, मग नाव मागं घेऊन मी नक्की कुणाला फसवणार, तेही कळत नाही.

काय करू ते कळवा. उत्तराची वाट बघते.
तुमची,
विशाखा


अजिंठा
६ ऑक्टोबर २०२४

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम.

वि. वि. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं परत वाचायला लावलं. मग चुलीपाशी जाऊन बसली. परत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, लेकीची विद्या आन लेकाची भाकर एका तराजूत कशी घालू.

नाव मागं घे किंवा घेऊ नको, हे मी सांगणार नाही. तू सज्ञान आहेस आणि काम काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच सांगतो की हे संघपालला तुझ्या तोंडून कळायला हवं, आणि समितीच्या आधी. तो रागावेल, रागावू दे. परक्याच्या तोंडून कळलं तर मात्र तो राग लवकर उतरणारा नाही. दसऱ्याच्या सुट्टीत त्याच्या खोलीवर जा. चहा तूच कर.

कळावं.
अण्णा


पडेगाव
२७ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णास,
संघपालचा जयभीम. आईला पण जयभीम सांगा.

पत्र लिव्हायची सवय नाय. पण फोनवर तुमाला ऐकू येत नाय आन आईला सांगितलं तर ती रडती, म्हून लिव्हायलोय.

काल साहेबरावनं ऑफिसात बोलावलं. म्हणला, विद्यापीठ टँकर बंद करायलंय आन त्याच्यात म्होरं तुझी बहीण हाय. मी खुळ्यासारखा उभा राह्यलो. मला कायच माहीत नाय. तिथल्या क्लार्कला माहीत, मालकाला माहीत, चहावाल्याला पण माहीत. तो म्हणला, बहिणीला समजव, नाव काढून घ्यायला लाव. मी म्हणलो, ती शिकलेली हाय, तिचं ती बघंल, मी सांगणार नाय. तो म्हणला, पगार कुणाचा घेतो. मी म्हणलो, पगार गाडी चालवायचा घेतो.

अण्णा, मला खेपेचा राग नाय. आज विद्यापीठ, उद्या दुसरीकडं. आमी ज्या विहिरीवर गाडी भरतो तिच्यात उन्हाळ्यात गाळ येतो, शेजारच्या वस्तीवरल्या बाया नुसत्या बघत उभ्या राहत्यात. मला काय ते दिसत नाय असं नाय. विशूचं चूक नाय हे मला कळतंय, म्हून तर जास्त राग यायलाय. चूक असती तर भांडलो असतो. पण रोज माझ्या हातचं कणीस खाल्लं तिनं, आन एक शबूद नाय सांगितला. मला इचारू नको, पण सांगायचं तरी.

संध्याकाळी ती खोलीवर आली व्हती. मी आत व्हतो. शेजारच्याला म्हणलो, नाय म्हून सांग. ती बराच येळ पायरीवर बसली मग गेली.

तिला कळवा की मी तिच्या आडवा येणार नाय. पण मला फोन करू नको म्हणावं.

आईच्या गोळ्या संपत आल्या असतील, पाठवतो.
तुमचा,
संघपाल


संभाजीनगर
१० नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस आणि आईस,
विशाखाचा जयभीम.

वि. वि. दादाचं पत्र तुम्ही पाठवलंत ते मिळालं. तुम्ही सांगितलं होतं, आणि मी उशीर केला. दसऱ्याला गेले तेव्हा तो गाडीवर होता. मग परीक्षा, मग दिवाळीनंतर बघू असं म्हणत राहिले. खरं तर धीर होत नव्हता. शेवटी गेले त्या संध्याकाळी तो आत आहे हे मला माहीत होतं, त्याच्या चपला दारात होत्या.

समिती परवा झाली. मोठं टेबल, पाण्याच्या बंद बाटल्या. मी उभी राहिले आणि योजनेच्या आधी सांगितलं की माझा सख्खा भाऊ विद्यापीठाला पाणी देणाऱ्या टँकरवर ड्रायव्हर आहे, हे सर्वांना माहीत असावं. कायगावकर सर शेजारच्या लेखनिकाला म्हणाले, इतिवृत्तात घ्या, आणि मला म्हणाले, पुढं बोला. एका सदस्यांनी विचारलं, मग तुमच्या भावाचं काम जाईल ना? मी म्हणाले, “हो, जाऊ शकतं.”

मग दीडेक तास प्रश्न. हिरवळीवरून सगळ्यात जास्त वाद झाला. पाहुणे आल्यावर फोटो कुठं काढायचे, असंही एकानं विचारलं. सुदर्शन सरांनी पाइपचा कुजलेला तुकडा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, त्याचा उपयोग झाला. सुदर्शन सरांची एक मागणी मात्र गळली. बोअरची मोटार आता जास्त चालेल, म्हणून दुसरी आणून ठेवा असं ते म्हणत होते. खर्च आटोपशीर दिसावा म्हणून आम्हीच म्हणालो, ती नंतर बघू. बाकी सगळं मंजूर झालं. डिसेंबरपासून टँकर कमी, काम झालं की बंद.

सगळ्यांनी बाहेर पेढे वाटले. मी पण खाल्ला. ओवीनं विचारलं, रडतेस का. मी म्हणाले, झोप नाही झाली.

आता सुदर्शन सर रोज आराखडा घेऊन उभे असतात. खडी कुठली, कर्दळ कुठली, सगळं आमच्याकडून ठरवून घेतात आणि मग त्यांना हवं तेच करतात.

दादाला मी पत्र टाकलंय. उत्तर नाही. त्याच्यावर रागावू नका.
तुमची,
विशाखा


अजिंठा
५ जानेवारी २०२५

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम.

वि. वि. संघपाल नव्या वर्षाला दोन दिवस येऊन गेला. विद्यापीठाच्या खेपा कमी झाल्यावर मालकानं त्याला बिडकीनच्या बाजूच्या बांधकामांवर घातलंय. लांबची खेप आहे, उशिरा सुटतो. वाळलाय. तुझा विषय त्यानं काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. निघताना मात्र आईनं तुझ्यासाठी म्हणून तिळाचे लाडू दिले, ते त्यानं पिशवीत ठेवून घेतले. तुला पोचले का?

थंडी आहे. कान झाकून हिंड.
अण्णा


संभाजीनगर
२६ एप्रिल २०२५

ती. अण्णांस आणि आईस,
विशाखाचा जयभीम.

वि. वि. लाडवांचं मागंच लिहायचं होतं. दादानं ते वॉचमनजवळ ठेवले होते, स्वतः आत आला नाही.

आज वेगळ्याच कारणानं लिहिते. दादा तिकडं आलाय का? खोलीला कुलूप आहे आणि फोन बंद आहे.

झालं ते असं. मार्चपासून आम्ही एकही टँकर न मागवता चालवलं. वसतिगृहात दिवसभर पाणी होतं, कर्दळीला लाल फुलं आली होती. बघायला दुसऱ्या कॉलेजांचे लोक येत होते आणि आम्ही जरा फुगलोही होतो. परीक्षा सुरू झाल्या आणि मंगळवारी बोअरची मोटार जळाली. दुसरी नव्हतीच. सुदर्शन सर एका शब्दानंही ‘मी सांगत होतो’ असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. मोटार दुरुस्त होऊन यायला दोन दिवस लागणार होते.

बुधवारी सकाळी चारशे मुली, पेपर, आणि नळ कोरडे. कायगावकर सरांनी साहेबरावांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या पोरींनी टँकर बंद केले, आता त्यांनाच आणायला सांगा. या रस्त्यावरच्या बाकी मालकांनीही हात वर केले. सगळ्या मुली प्रशासकीय इमारतीपुढं जमल्या. काहीजणी माझ्या तोंडावर बोलल्या. ओवी मागं उभी होती, तीही माझ्या बाजूनं पुढं आली नाही, कारण तिचा दुपारी पेपर होता आणि तिनं तीन बाटल्या पाण्यात सगळं उरकलं होतं.

सर पायरीवर आले. माइक नव्हता. म्हणाले, “निर्णयावर सही माझी आहे. चूक झाली असेल तर ती माझ्या नावावर लिहा. या मुलींना कुणी बोलू नका.” मग पिण्याच्या पाण्याचे जार मागवले, पेपर तासभर पुढं ढकलला आणि स्वतः फोन लावत तिथंच पायरीवर बसले.

बाराच्या सुमारास फाटकातून टँकर आला. दादा होता. माझ्याकडं बघितलं नाही. उतरला, हौदाचं झाकण सरकवलं, नळी सोडली. एक झाला की परत गेला, दुसरा भरून आणला. संध्याकाळपर्यंत येत राहिला. शेवटच्या खेपेला मी जवळ गेले. त्यानंच विचारलं, “तुझा पेपर कधी?” मी म्हणाले, उद्या. तो म्हणाला, “मग हितं काय करायली? जा, वाच.”

सरांनी त्याच दिवशी साहेबरावांना खेपांचे पैसे पोचते केले, म्हणजे दादावर कुणी वावगा आळ घ्यायला नको. पण दुसऱ्या दिवशी पडेगावात कळलं की त्यानं काम सोडलं. सोडलं की काढलं, ते कुणी नीट सांगत नाही. मोटार गुरुवारी बसली आणि दुसरी मोटार आणायचंही ठरलं. पेपर लिहिला. कसा लिहिला ते विचारू नका.

दादा तिकडं असेल तर लगेच कळवा.
तुमची,
विशाखा


अजिंठा
१२ मे २०२५, बुद्धपौर्णिमा

चि. विशाखास,
अण्णांचा, आईचा आणि संघपालचा सप्रेम जयभीम.

वि. वि. संघपाल घरी सुखरूप आहे. लगेच लिहिणार होतो, पण तोच म्हणाला, तिचे पेपर संपू द्या. आज विहारातून वंदना करून आलो आणि लिहायला बसलो. आईनं खीर केली आहे. तुझ्या वाटणीची त्यानं खाल्ली.

विचारल्याशिवाय तो काही सांगत नाही, आणि मला ऐकू येत नाही, म्हणून पाटीवर प्रश्न लिहून त्याच्यासमोर धरले. त्यानंही पाटीवरच उत्तरं लिहिली. मालकानं सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं होतं की विद्यापीठात एकही गाडी जाणार नाही. हा म्हणाला, पोरींची परीक्षा आहे, पैसे मिळणारच आहेत, जाऊ द्या. मालक नाही म्हणाला. गाडीची किल्ली याच्या खिशात होती, हा निघाला. संध्याकाळी परत गेला, गाडी धुतली, जागेवर लावली आणि किल्ली टेबलावर ठेवली. मालक ओरडला नाही. एवढंच म्हणाला की बहीण तुला जन्मभर पोसणार नाही. आपण होऊन निघालास की काढलं, असं मी लिहिलं. त्यावर त्यानं लिहिलं, दोनी एकदमच झालं.

सध्या सिल्लोडच्या बाजाराला भाजी नेणाऱ्या पिकअपवर तो जातो. एसटीत ड्रायव्हरची भरती निघाली की अर्ज करणार म्हणतो. होईल न होईल, पुढचं पुढं. आईचा जीव मात्र सध्या भांड्यात पडलाय, कारण तो रोज तिच्यासमोर जेवतो. तुझ्या योजनेचं काय झालं ते तिनं त्याला खोदून खोदून विचारलं, आणि त्यानं पाटीवर वाफे काढून इतकं नीट समजावून सांगितलं की मी थक्क झालो. म्हणजे हा कधीतरी आत जाऊन ते वाफे बघून आला असणार. तुला सांगितलं नाही, एवढंच.

तुमच्या कुलसचिवांना माझा नमस्कार सांग. त्या इंजिनिअरांना आधी सांग.

सुट्टीत ये. तुम्ही दोघं समोरासमोर बसा, मी पाटी आणून देतो. खालच्या जागेत संघपाल काहीतरी लिहितोय. मी वाचलं नाही.

माया आहेच.
तुझे,
अण्णा

विशू, जयभीम.
पेपर कसा गेला ते अण्णाला नाय, मला लिव्ह. मला तुझ्यावर राग व्हता, आता नाय. पण दुसरी मोटार खरंच आणली का नुसतं ठरलं, ते सायबाला जाऊन इचार. परत बंद पडू देऊ नको. आता टँकर घेऊन यायला मी नाय.
दादा